कित्ता गिरवताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या पालक आणि आजीआजोबांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)





आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम जमेपर्यंत अर्धा तास थांबायची आपल्याला सवय आहे. आज रविवारची सकाळ असून सभागृह वेळेवर भरलंय. पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यापेक्षा मुलांचा विषय आपल्याला जवळचा वाटतो, याचा मला आनंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतून निवृत्त झालेला माणूस मुलांच्या अक्षराबद्दल काय सांगणार? तर बघा, नोकरीची कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांची अक्षरंच पाहत होतो. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायची, अक्षरी रक्कम वाचायची, पे-स्लिपवर काय लिहिलंय ते लावायचं. आणि निवृत्तीनंतर गेली चार वर्षं, तुमच्यापैकी काहींच्या मदतीने, खालच्या सोसायटी ऑफिसात रविवारी सकाळी दहा ते अकरा मुलांचा मराठी अक्षरांचा वर्ग चालतो. सध्या चौदा मुलं येतात. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. या वर्गात जे दिसलं आणि त्यानिमित्ताने जे वाचलं, तेवढंच तुमच्यासमोर मांडतो.

हा विषय निवडण्याचं कारण म्हणजे लिफ्टमध्ये, जिन्यात मला विचारले जाणारे दोन प्रश्न. पहिला: "काका, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, अजून अ काढत नाही. काही वर्कशीट सांगता का?" दुसरा: "आजोबा, आमचा तिसरीत गेला, घरात मराठी फाडफाड बोलतो, पण वाचता-लिहिता येत नाही. काही वर्कशीट सांगता का?" एकीकडे फार घाई, दुसरीकडे फार उशीर, आणि औषध मात्र दोघांनाही एकच हवंय: वर्कशीट!

या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आधी बोलतो. आपल्या तिन्ही विंगमधली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. पण सूचना फलकावर मराठीत लिहिलेली सूचना आपल्या मुलांना वाचता येत नसेल, तर त्या पेढ्यांचं काय करायचं? आजीने वहीत लिहून ठेवलेली पुरणपोळीची कृती, आजोबांनी जपून ठेवलेली पत्रं, देव्हाऱ्यातली पोथी, हे सगळं उद्या त्या घरात असेल, पण उघडता येणार नाही. लॉकर आपला, आत ऐवजही आपलाच, पण किल्ली हरवलेली. बँकेतल्या माणसाला याहून वाईट काय वाटणार?

म्हणजे शिकवायला हवं, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कसं आणि केव्हा.

आपल्याकडे गिरवणं नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. मग पाटी-पेन्सिल, मग बोरू आणि दौत, आणि समोर गुरुजींच्या हातचा कित्ता. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचारच त्यातून आला. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. कागद, लेखणी, शाई, समास सोडणं, सगळं त्यात आहे. पहिलं अक्षर आणि ग्रंथाचं शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, ही त्यांची अपेक्षा. पण हा समास दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात येतो. तो लिहायला बसलेल्या मोठ्या माणसासाठी आहे, साडेतीन वर्षांच्या बाळासाठी नाही, हे आपण लक्षात ठेवू या.

पूर्वीच्या कित्त्यात आणि आजच्या प्रिंटरमधून निघालेल्या वर्कशीटमध्ये एक मोठा फरक आहे. कित्ता देणारा माणूस शेजारी बसलेला असायचा. मुलाच्या मुठीवर त्याची मूठ असायची. आज आपण दहा पानं प्रिंट करतो, मुलासमोर ठेवतो, आणि "हे पूर्ण कर, मग टीव्ही" असं म्हणून स्वयंपाकघरात किंवा लॅपटॉपकडे जातो. पान मुलाला सांगत नाही की सुरुवात कुठून, हात कुठे वळवायचा, आणि हे अक्षर छान आलं. ते सांगायला माणूस लागतो. आज मला जे काही सांगायचं आहे, ते सगळं या एका वाक्यात आलं: कागद मुलाला शिकवत नाही, कागदाशेजारी बसलेला माणूस शिकवतो.

आता घाईबद्दल. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः तिथे हाड नसतं, कूर्चा असते. पुढे कित्येक वर्षं एकेक हाड तयार होत जातं. तीन वर्षांच्या मुलाला आपण बारीक पेन्सिल देतो आणि रेघेत अक्षर बसव म्हणतो, तेव्हा आपण अजून बांधून न झालेल्या पुलावरून ट्रक नेत असतो. साधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढतं, चौथ्या वर्षाच्या आसपास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि पाच वर्षांच्या सुमारास त्रिकोण. थोडं मागेपुढे होतं. आता सांगा, ज्याला तिरकी रेघ अजून नीट जमत नाही, त्याला ब, ष आणि क्ष कसा जमेल?

हे नव्याने सांगावं लागू नये. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये मुलांचं घर सुरू केलं, तिथे मुलं आधी खरखरीत कागदाच्या कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि तोंडाने त्याचा उच्चार करायची. पेन्सिल नंतर. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. गांधीजींना स्वतःच्या वाईट अक्षराची आयुष्यभर खंत होती. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की मुलांना आधी चित्रकला शिकवावी, अक्षर नंतर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे शंभर वर्षं सगळे एकच सांगतायत, आणि आपण मात्र ज्युनियर केजीच्या मुलाला दोन पानं होमवर्क झाल्याशिवाय खाली खेळायला सोडत नाही.

मग साडेतीन-चार वर्षांच्या मुलाने करायचं काय? माझं उत्तर ऐकून काही आया हसतात. त्याला स्वयंपाकघरात घ्या. कणकेचा गोळा मळू द्या, त्याचे साप आणि लाडू करू द्या. मटार सोलू द्या, लसणाच्या पाकळ्या सुट्या करू द्या. कपडे वाळत घालताना चिमटे लावू द्या. चिमटा दाबताना जी बोटं लागतात, तीच पेन्सिल धरताना लागतात. दिवाळीत रांगोळीचे ठिपके जोडू द्या. ताटात रवा पसरा आणि बोटाने रेघा मारू द्या, ही झाली आपली धूळपाटी! गच्चीच्या भिंतीवर ओल्या ब्रशने, नुसत्या पाण्याने, मोठमोठे गोल काढू द्या. रंग लागत नाही, भिंत खराब होत नाही, आणि सचिवांची नोटीसही येत नाही. उभ्या भिंतीवर हात फिरवला की खांदा आणि मनगट दोन्ही तयार होतात.

हातासोबत कान तयार हवा. अक्षर ही आवाजाची खूण आहे. ज्या मुलाला 'कमळ' शब्दात तीन आवाज ऐकू येत नाहीत, त्याला क, म, ळ ही तीन नक्षी वाटणार. जेवताना खेळ खेळा: "म ने सुरू होणारं काय काय आहे ताटात?" मीठ, मटकी, मेथी. "शेवटी र येणारं?" खीर, साखर, कोशिंबीर. आपल्या मराठीच्या गमती यातच कळतात. चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा, पण लिहायचा एकच. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून बाणातला ण आणि बाळातला ळ असं मधून ऐकायला शिकवायचं.

आता येऊ प्रत्यक्ष अक्षरांकडे. आपण म्हणतो, सुरुवात अ पासून. म्हणण्यासाठी वर्णमालेचा क्रम उत्तम आहे. कंठापासून ओठापर्यंत इतकी शिस्तीत लावलेली मांडणी आपल्याला वारशात मिळालीय. पण काढायला अ हे अवघड अक्षर. माझा अनुभव असा की लिहिताना क्रम वळणाप्रमाणे लावावा. आमच्या वर्गात आम्ही र, न, ग, म या चार अक्षरांनी सुरुवात करतो. कारण? वळणं सोपी, आणि चार अक्षरांत शब्द किती तयार होतात ते बघा: मन, मग, नग, नर, गर, मगर, गरम, नगर, नमन. एकही मात्रा शिकवलेली नाही, आणि मूल 'मगर' लिहून तिला शेपूट काढून घरी घेऊन जातं. मग फक्त काना द्यायचा: नाग, राग, रान, मान, गार, राम, मामा, नाना. दोन-तीन महिन्यांत चार अक्षरं आणि एक काना, पण हातात वीसेक शब्द! याउलट अ ते ज्ञ सगळी बावन्न गिरवून झालेली, पण एक शब्द लिहिता येत नाही, अशी मुलं आमच्याकडे आली आहेत.

पुढे घराणी लावायची. व काढता आला की पोटात तिरकी रेघ दिली की ब, आणि उजव्या बाजूला वळण दिलं की क. प वरून ष आणि फ. ट वरून ठ आणि ढ. मुलांना हे फार आवडतं, एका अक्षराच्या घरात दुसरं लपलेलं सापडतं. मात्र घ आणि ध, भ आणि म ही जुळी भावंडं एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर काही दिवसांनी दुसरं.

वर्कशीट निवडायची कशी? बँकेत चेक हातात आला की आम्ही तारीख, नाव, अक्षरी रक्कम, सही अशा चार-पाच गोष्टी डोळ्यांखालून घालायचो. तसंच वर्कशीटचंही करा. मी पाहतो त्या गोष्टी सांगतो.

पहिली, ती मराठी आहे का? फुकट मिळणारी पुष्कळशी पानं हिंदीची असतात. लिपी एक असली तरी फरक आहे. त्यात ळ नसतो! ल उभ्या दांड्याचा असतो, आपला ल पाकळीचा. श चंही तसंच, आपला देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली, २०२२ मध्ये सुधारित निर्णयही आला. शाळेत एक ल आणि घरी दुसरा ल, असं झालं की मूल बिचारं गोंधळतं. शिवाय अ च्या शेजारी अनार म्हणून डाळिंबाचं चित्र असतं. मूल "डाळिंब" म्हणतं, आणि अ कुठे आहे ते शोधत बसतं.

दुसरी, रेघा. चार रेघी वही इंग्रजीसाठी आहे. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. फांदीला आंबा लटकतो तसं. म्हणून आपल्याला दुरेघी बरी, आणि सुरुवातीला दोन रेघांत चांगलं दोन बोटांचं अंतर असावं. अक्षराचं अंग आधी, मग उभा दांडा, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. शब्द लिहायला लागल्यावर पूर्ण शब्दावर एकच शिरोरेघ द्यायची. मोडीत याच्या उलट, आधी पूर्ण ओळ आखून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांनाही मोडी बघावीशी वाटते.

तिसरी, ठिपके. ठिपक्याठिपक्यांचं अक्षर दिलं की पुष्कळ मुलं एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत जातात, थांबतात, पुन्हा निघतात. काही तर खालून वर चढतात. अक्षर दिसतं बरोबर, पण हाताला वळण मिळत नाही. त्यापेक्षा सलग फिकट रेघेचं अक्षर बरं, सुरुवातीला एक ठळक टिंब आणि दिशेचा बाण. असं एक-दोनदा गिरवलं की लगेच शेजारी रिकामी जागा हवी. मुलाने स्वतःहून, बघून काढायचं. गिरवणं हे सायकलला मागून धरण्यासारखं आहे. धरायचं, पण सोडायचंही.

चौथी, किती? एका पानावर चाळीस अ असतील तर ते पान बाजूला ठेवा. एकदा मुलाच्या वहीतल्या ओळीतलं पहिलं आणि दहावं अक्षर शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा दहावं जास्त वाईट असतं. म्हणजे सराव झाला तो वाईट अक्षराचा! चार ते पाच वेळा, मन लावून, पुरे. नंतर मुलालाच विचारा, "यातलं तुला कुठलं सगळ्यात छान वाटतं?" त्याला त्याभोवती गोल करू द्या. लाल पेन आपण ड्रॉवरमध्ये ठेवायचं. मुलाला स्वतःचं चांगलं अक्षर ओळखता येऊ लागलं की अर्धं काम झालं.

आणि खरं सांगू? सगळ्यात उत्तम वर्कशीट प्रिंटरमधून येतच नाही. एका बाजूने वापरलेला कागद, एक फिकट रंगाचं स्केचपेन आणि तुमचा हात. तुमचं अक्षर मोत्यासारखं नसलं तरी चालेल. आईच्या किंवा आजोबांच्या हातचा कित्ता मूल वेगळ्याच आवडीने गिरवतं.

बसण्याबद्दल थोडं. दहा मिनिटं बास, चार वर्षांच्या मुलाला पाचही चालतील. पाय अधांतरी लोंबकळू देऊ नका, खाली पाट द्या. पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत धरली जावी. जमत नसेल तर खडूचा अगदी छोटा तुकडा द्या. तुकडाच एवढासा असला की मूठ वळताच येत नाही, बोटं आपोआप जागेवर येतात. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, त्यात काही कमीपणा नाही. फक्त कागद त्याच्या सोयीने तिरका करा, आणि नमुन्याचं अक्षर डावीकडे न देता वर किंवा उजवीकडे द्या. डावीकडचा नमुना त्याच्याच हाताखाली झाकला जातो, ही साधी गोष्ट छापील वर्कशीट करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरं येतात, घाबरू नका. पण सात उलटून गेल्यावरही पुष्कळ अक्षरं उलटी येत असतील, हात लवकर दुखत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, तर जास्त वर्कशीट हा त्यावर उपाय नाही. आधी डोळे तपासा, शाळेतल्या बाईंशी बोला, गरज वाटली तर तज्ज्ञांना दाखवा. आळशी म्हणून शिक्का मारणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं.

आता एक बँकेतली आठवण सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. साक्षरता वर्गांचे दिवस होते. एक आजी महिन्याला पैसे काढायला यायच्या, मुलगा मुंबईहून पाठवायचा. खातं अंगठ्याचं. दर वेळी शाईचं पॅड, अंगठा, मग बोट पदराला पुसायचं. एके दिवशी काउंटरवर येऊन म्हणाल्या, "साहेब, आज शाई नको, पेन द्या." तिसरीतल्या नातवाने पाटीवर त्यांचं नाव लिहून दिलं होतं आणि रोज दिवेलागणीनंतर तो शेजारी बसून त्यांच्याकडून ते गिरवून घेत होता. पूर्ण मुळाक्षरं त्यांना येत नव्हती. फक्त नाव, चार अक्षरं आणि एक वेलांटी. रीतसर नवीन नमुना-सहीचं कार्ड काढलं, ओळखीचा साक्षीदार घेतला. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. आठवडी बाजाराचा दिवस, मागे रांग होती. पण कोणी एक शब्द बोललं नाही. शिरोरेघ देऊन झाल्यावर त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि पदर हातात घेतला, बोट पुसायला. मग लक्षात आलं की पुसायचं काही नाही.

मित्रहो, बालशिक्षणाचं सगळं शास्त्र मला या प्रसंगात दिसतं. हात तयार होता. शेजारी माणूस होता. रोज थोडंच होतं. आणि जे गिरवायचं ते स्वतःचं होतं, त्याचा उपयोग होता. म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक मुलाचा पहिला कित्ता हा त्याच्या स्वतःच्या नावाचा असतो. त्यात अवघड जोडाक्षर असलं तरी. नाव लिहायला मूल कंटाळत नाही.

लिहिलेलं कोणीतरी वाचलं पाहिजे, हे दुसरं सूत्र. गेल्या गणेशोत्सवात मांडवापाशी 'पादत्राणे व्यवस्थित ठेवावीत' असा छापील फलक नेहमीप्रमाणे होता आणि नेहमीप्रमाणे चपलांचा ढीगही होता. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातल्या एका सहा वर्षांच्या मुलाने पुठ्ठ्यावर लिहिलं, 'चपला इथे ठेवा'. ल जरा कलंडलेला, थ मोठा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दहा दिवस चपला रांगेत होत्या! हा मुलगा त्याआधी पेन्सिल दिसली की टेबलाखाली जायचा. आता विचारतो, "अजून काय लिहायचंय का?" आपण लिहिलेलं वाचून मोठी माणसं तसं वागतात, हे त्याला कळलं. एवढी ताकद चाळीस वेळा गिरवलेल्या अ मध्ये नाही.

काही जण म्हणतात, आता सगळं मोबाईलवर बोलून टाईप होतं, हाताने लिहायचं कशाला? यावर माझं बँकेतलं उत्तर आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चा. त्याच्या अठराव्या कलमात म्हटलंय की आकड्यातली रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत फरक असेल, तर अक्षरी रक्कम खरी धरायची. का? आकडा लिहिताना हात घसरतो, अक्षरात माणूस विचार करून लिहितो. मुलांचंही तसंच. हाताने अक्षर काढताना त्याचा आवाज, आकार आणि वळण तिन्ही एकत्र येतात. टाईप जरूर शिकावं, पण आधी हाताने.

दुसरे म्हणतात, शाळाच होमवर्क देते, आम्ही काय करणार? शाळेशी भांडा असं मी म्हणणार नाही. पण पालकसभेत तीन-चार जणांनी मिळून नम्रपणे विचारावं की चार वर्षांच्या मुलाला दोन पानांऐवजी दोन ओळी चालतील का. एकट्याने विचारलं तर तक्रार वाटते, चौघांनी विचारलं तर सूचना होते. हे आपल्याला सोसायटी चालवताना पंचवीस वर्षांत कळलेलंच आहे.

आणि आपल्या सोसायटीतली गुजराती, तमिळ, कानडी घरं. त्यांचीही मुलं वर्गाला येतात, मराठी छान उचलतात. त्या पालकांना माझं सांगणं की घरी तुमच्या लिपीतही त्यांना त्यांचं नाव लिहायला शिकवा. एका मुलाला दोन-तीन लिप्यांत स्वतःचं नाव येणं ही केवढी श्रीमंती आहे!

शेवटी, नुसतं भाषण देऊन बसणं बरोबर नाही, म्हणून कार्यकारिणीपुढे तीन प्रस्ताव ठेवतो. खर्च फार नाही, खजिनदारांनी काळजी करू नये.

एक, खालच्या मजल्यावर लिफ्टशेजारी, जमिनीपासून तीन फुटांवर, मुलांसाठी एक फळा लावावा. मोठ्यांचा सूचना फलक त्यांच्या डोळ्यांच्या वर आहे, हा त्यांच्या उंचीवर असेल. रोज एका मुलाने एक शब्द लिहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा, एवढीच अट.

दोन, सोसायटी ऑफिसात हाताने काढलेल्या कित्त्यांचा एक खोका ठेवू. ज्यांचं अक्षर चांगलं आहे अशा आजीआजोबांनी आठ-दहा पानं काढून द्यावीत, झेरॉक्सचा खर्च मी करीन. ज्याला हवं त्याने एक पान न्यावं. एकच. गठ्ठा नाही.

तीन, या रौप्यमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराच्या दारावर त्या घरातल्या मुलाच्या हातची मराठी नावाची पाटी लागावी. पितळी पाटी काढू नका, तिच्याखाली पुठ्ठ्याची लावा. ज्या घरात लहान मूल नाही, त्यांची पाटी शेजारच्या मुलाने करावी. ज्यांची नातवंडं परदेशात आहेत, त्यांनी व्हिडिओ कॉलवर आपल्या नावाचा कित्ता दाखवावा आणि नातवंडाकडून पाटी टपालाने मागवावी. उशिरा आली तरी चालेल.

रविवारचा वर्ग दहा ते अकरा सुरूच आहे. चौदा मुलांना सध्या आम्ही तिघं आहोत. दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवं, म्हणजे अजून चौघं लागतील. पात्रता एकच, घाई नसावी. आपल्या सोसायटीत निवृत्त मंडळी भरपूर आहेत, तेव्हा हा कोरम तरी पहिल्याच फेरीत पूर्ण होईल अशी आशा आहे.